झेनचं हेड खोललंय, पोर्ट-पॉलिश करू की नको?

निपाणीचा_झेनवाला:
नमस्कार मंडळी. माझ्याकडं ९८ ची कार्बवाली (कार्ब्युरेटरची) मारुती झेन आहे, ९९३ सीसी, केए-२३ पासिंग. तवंदी घाटात तापली, हेड गॅस्केट गेलं, आता हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खोलून गॅरेजच्या बाकड्यावर पडलंय. गॅरेजवाला म्हणतो एवीतेवी खोललंच आहे तर पोर्ट-पॉलिश करून घ्या (पोर्ट म्हणजे हेडमधली हवा आत यायची इनटेकची आणि धूर बाहेर जायची एक्झॉस्टची वाट), आतनं आरसा करून देतो, पिकअप दीडपट होईल. बारा हजार सांगतोय, फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं) आणि गॅस्केट सेट वेगळा. गाडी रोज निपाणी-बेळगाव चालते, मधून मधून चोर्ला घाटातनं गोव्याला जाते. रेस बिस काय करायची नाही. पण घाटात चार माणसं बसली की दुसऱ्या गिअरला जी घुसमट होते ती कमी झाली तर बरं वाटेल. कुणी केलंय का? खरंच फरक पडतो का नुसता आवाज वाढतो?

आरएक्स_राजा:
डोळे झाकून कर भावा. माझ्या आरएक्स १०० चं पोर्टिंग केल्यावर गाडी नाही, रॉकेट झालंय. गल्लीच्या तोंडाला आलो की आई चहा टाकते.

चोर्ला_रायडर:
दीडपट म्हणजे पन्नासाचे पंचाहत्तर बीएचपी. एवढं बारा हजारात नुसतं घासून मिळत असतं तर कंपनीनं पुढं १६ वॉल्वचं इंजिन आणि एमपीएफआय (कार्बऐवजी इंजेक्शन) कशाला आणलं असतं? तेवढं करून पण त्यांना ६० च मिळाले.

वडगावचा_वॉल्व:
@आरएक्स_राजा तुझी गाडी टू-स्ट्रोक आहे गा. तिथं पोर्ट म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली खिडकी. एक्झॉस्टची खिडकी मिलिमीटरभर वर उचलली की ती लवकर उघडते आणि उशिरा बंद होते, म्हणजे तू टायमिंगच बदललंस, दुसऱ्या गाडीत कॅम (वॉल्व उघडणारा दांडा) बदलावा तसं. म्हणून जास्त आरपीएमला ओरडते. आणि कमी आरपीएमला काय होतं ते पण सांग की, ट्रॅफिकमधी खानापूर रोडला क्लच दाबून दाबून हात दुखतोय म्हणून परवा कोण रडत होतं?

झेन फोर-स्ट्रोक आहे, टायमिंग कॅमच्या हातात. पोर्ट नुसती वाट आहे. वाट कितीबी रुंद कर, दार कॅम उघडणार तेवढंच उघडणार. दोन्हीला पोर्टिंग म्हणतात म्हणून हा सगळा घोळ होतो.

आरएक्स_राजा:
रडत नव्हतो, माहिती देत होतो 😅

टिळकवाडी_तिसरं_गेट:
मी एस्टीमला केलंय, कार्बवाली ६५ बीएचपीची. फरक पडतो, कुणी काय पण म्हणो. पहिल्यासारखी ओढ राहिली नव्हती, हेड काम करून घेतल्यावर तिसऱ्या गिअरला सुद्धा मस्त उचलायला लागली. इनटेक, एक्झॉस्ट दोन्ही आरसा केलंय, बोट फिरवलं तर सरकतंय. पुस्तकं वाचून बोलणाऱ्यांनी एकदा चालवून बघावी.

खानापूरकरीण:
@टिळकवाडी दादा, एक विचारू का, राग मानू नका. त्याच वेळी अजून काय काय केलं होतं?

टिळकवाडी_तिसरं_गेट:
नेहमीचंच की. वॉल्व ग्राइंडिंग, नवीन गाईड सील (वॉल्वच्या दांडीचे ऑइल सील), हेड फेसिंग, प्लग, कार्ब साफ, टायमिंग सेट.

खानापूरकरीण:
मग ओढ कशामुळं आली कसं कळणार 🙂 लाखभर किलोमीटर चाललेल्या इंजिनात वॉल्व नीट बसत नसतील तर कॉम्प्रेशन गळतंच. ते परत मिळालं, कार्ब साफ झाला, टायमिंग जागेवर आलं. आरसा न करता एवढंच केलं असतं तरी तुम्हाला गाडी नवी वाटली असती. फरक पडला नाही असं मी म्हणत नाही, कशानं पडला एवढंच विचारतेय.

टिळकवाडी_तिसरं_गेट:
असेल. पण मी पैसे दिलेत तर आरशाचं पण श्रेय घेणार 😀

फेटलिंग_काका:
उभी हयात बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत गेली, आता घरी बसून तुमचे धागे वाचतो. पोर्ट आतनं खरबरीत का असतो ते कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो, जरा लांबेल.

हेड ओतताना पोर्टची पोकळी वाळूच्या कोअरनं तयार होते. इनटेकचा कोअर वेगळा, एक्झॉस्टचा वेगळा, पाण्याच्या जॅकेटचा (हेड थंड ठेवणारं पाणी फिरायची पोकळी) तर पार जाळीदार, हातात धरायला भीती वाटावी असा. हे सगळे साच्यात आपापल्या प्रिंटवर (कोअर टेकायच्या खाचेवर) टेकवून बसवायचे आणि वरनं वितळलेल्या धातूचा रस ओतायचा. रस आत आला की कोअर हलका पडतो, उचलायला बघतो. बसवताना थोडी ढिलाई असेल, प्रिंट झिजलेली असेल, तर कोअर जरासा सरकतो. त्याला कोअर शिफ्ट म्हणतात. बाहेरनं हेड एकदम देखणं दिसतं, काय कळत नाही.

आता पुढं मशीन शॉपमध्ये वॉल्व सीटचं (वॉल्व जिथं टेकून बंद होतो त्या कडेचं) भोक डेटम, म्हणजे ठरलेली मापाची जागा, धरून अचूक जागी पडतं. पण ओतलेला पोर्ट सरकलेला असतो. मग काय होतं, सीटच्या खाली एका बाजूला पायरी उरते आणि दुसऱ्या बाजूला कटर पोर्टच्या भिंतीत खोल जातो. चार सिलिंडरला चार तऱ्हा. शिवाय दोन कोअर जुळतात तिथं धातूचा पातळ पापुद्रा येतो. बाहेरचा पापुद्रा आमची फेटलिंगची पोरं ग्राइंडर लावून काढत, पण पोर्टाच्या वळणात हात पोचत नाही तिथला तसाच राहून जातो. रोज शेकड्यानं माल जायचा असतो, कोण आत डोकावून बघणार.

तेव्हा खरं काम म्हणजे ती सीटखालची पायरी मोडणं, पापुद्रा काढणं आणि चारी पोर्ट एकसारखे करणं. चकाकी हा गिऱ्हाईकाला दाखवायचा भाग. आणि अजून एक, कोअर सरकला म्हणजे एका बाजूची भिंत जाड आणि समोरची पातळ झाली. पातळ बाजूला कटर जरा जास्त फिरला की पलीकडं पाणी. आम्ही बिडाचं काम केलं, तुमचं हेड ॲल्युमिनियमचं, पण वाळूचा स्वभाव तोच.

पुण्यात_बेळगावकर:
काका, निवांत वेळ काढून लिहिलंत, लई भारी. वाचताना उद्यमबागेतला तो जळक्या वाळूचा वास आला बघा.

संकेश्वर_मिरची:
पाण्याचं काका म्हणाले ते माझ्या मावसभावानं भोगलंय. गावाचं नाव आणि गॅरेजचं नाव सांगत नाही, पण हौशी कारागिरानं एक्झॉस्ट पोर्टचा मजला खरवडत नेला, जॅकेट फुटलं. त्याला कळलं पण नाही. गाडी जोडली, चालू केली, मागनं पांढरा धूर. आधी म्हणाले गॅस्केट नीट बसलं नसेल, परत खोललं, परत तेच. शेवटी प्रेशर टेस्टला हेड पाठवलं तेव्हा बुडबुडे आले. वेल्डिंग करून बघितलं, हेड वाकलं. भंगारातनं दुसरं हेड आणलं. सगळं मिळून जेवढा खर्च झाला त्यात कार्बवाली अख्खी ८०० आली असती.

प्रा_थर्मो:
थोडं गणित करू, घाबरू नका.

फ्लो बेंचवर २८ इंच पाण्याच्या दाबफरकाला पोर्टमधून मिनिटाला किती घनफूट हवा जाते ते मोजतात, म्हणजे सीएफएम. अनुभवातून आलेला एक ढोबळ हिशेब आहे: सीएफएम गुणिले सिलिंडरची संख्या गुणिले ०.२५७, की इंजिन जास्तीत जास्त किती बीएचपी देऊ शकेल ते येतं. बाकी सगळं, म्हणजे कॅम, कॉम्प्रेशन, कार्ब, एक्झॉस्ट, रेसच्या तोडीचं असेल तर. आता उलटं करा. ५० बीएचपी, ४ सिलिंडर. प्रत्येक पोर्टमधून साधारण ४९ सीएफएम पुरतात. एवढी हवा बऱ्याशा पोर्टमधून कंपनीकडून येते तशीच जाते. म्हणजे झेनला ५० वर अडवणारं हेड नाही. कंपनीनं मायलेजसाठी निवडलेला कॅम, छोटा कार्ब आणि चिंचोळा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (पोर्टला जोडलेल्या नळ्या) अडवतोय. पोर्ट मोठा केला तर अडथळा जिथं होता तिथंच राहतो.

मोजल्याशिवाय घासायचं नाही हा धडा जुना आहे. इंग्लंडचा हॅरी वेस्लेक हवा मोजून पोर्टाला आकार द्यायचा, १९४८ ला आलेल्या जॅग्वारच्या एक्सके इंजिनाचं हेड त्याच्या हातचं. आपल्याकडं आमची पोरं फायनल इयरच्या प्रोजेक्टला व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरी जोडून फ्लो बेंच बनवतात. आकडे एकदम बिनचूक नसतात, पण आधी किती आणि नंतर किती एवढं नक्की कळतं. गॅरेजवाल्याला विचारा, मोजून देणार का?

निपाणीचा_झेनवाला:
विचारलं सर. म्हणाला, "साहेब, माझं बोटच फ्लो बेंच आहे."

चोर्ला_रायडर:
मग बोटाची पावती घे 😂

खानापूरकरीण:
सरांनी वरचा टप्पा सांगितला, मी खालचा सांगते, कारण झेनवाल्या दादांना घाटात हवंय, सात हजार आरपीएमला नाही.

झेनचा बोअर ७२ आणि स्ट्रोक ६१ मिमी. ६००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२.२ मीटर येतो. समजा इनटेक पोर्ट २८ मिमी व्यासाचा आहे (खरं माप तुमच्या हेडवर व्हर्नियर लावून घ्या), तर पोर्टमधल्या हवेचा सरासरी वेग ८० मीटरच्या आसपास. घाटात २००० ला तोच वेग २७ वर येतो. आता "मोठा करून देतो" म्हणत कुणी ३२ मिमी केला तर क्षेत्रफळ ३० टक्क्यांनी वाढलं आणि २००० आरपीएमचा वेग २० वर आला. हवा रेंगाळायला लागली की पेट्रोल नीट विरघळत नाही, सिलिंडर भरताना हवेच्या धावेचा जो धक्का मिळतो तो पण जातो. म्हणजे ज्या घुसमटीसाठी पैसे देताय तीच वाढणार.

इनटेकला आरसा नको, याला दुसरं पण कारण आहे. कार्बमधून पेट्रोल थेंबाथेंबानं हवेबरोबर येतं. वळणावर हवा वळते, थेंब जड असतात, ते सरळ जाऊन भिंतीला आपटतात. गुळगुळीत भिंतीवर त्यांचा ओघळ होतो आणि तो ओघळ तसाच सिलिंडरमध्ये जातो. थोडी खरबरीत भिंत असली तर ते परत हवेत उचललं जातं. ८० ते १२० नंबरचा एमरी रोल फिरवला की इनटेक पुरे. एक्झॉस्ट मात्र खुशाल चमकवा, तिथं पेट्रोल नाही आणि चकचकीत भिंतीवर कार्बन कमी धरतो.

टिळकवाडी_तिसरं_गेट:
म्हणजे माझा इनटेकचा आरसा फुकट गेला म्हणा.

खानापूरकरीण:
फुकट नाही हो, कार्ब उतरवला की दिसतो ना 🙂

वडगावचा_वॉल्व:
ताईंशी एक ठिकाणी वाद आहे. खरबरीतपणाचं लोक जरा जास्तच ताणतात. इंजिन गरम झालं, मॅनिफोल्ड तापलं की बरंचसं पेट्रोल तिथंच वाफ होतं. थंडीत सकाळी स्टार्ट करताना फरक कळेल, दुपारी कळणार नाही. पण पोर्ट मोठा करू नये, हे शंभर टक्के मान्य.

बारा हजारातलं आठ हजाराचं काम कुठं आहे सांगू का, वॉल्व सीटमध्ये. सीटच्या ४५ अंशांच्या पट्टीला वर ३० आणि खाली ६० चा कट द्यायचा, म्हणजे तीन कोनांची सीट. हवेला धारेवरनं न वळता टप्प्याटप्प्यानं वळायला मिळतं. वॉल्व व्यासाच्या पाव भाग उचलला की त्याच्या कडेनं मिळणारी वाट वॉल्वच्या पूर्ण क्षेत्रफळाएवढी होते, ३६ मिमीचा वॉल्व धरला तर ९ मिमी. रस्त्यावरच्या गाडीचा कॅम त्याच्यापुढं जाऊन फार काय उचलत नाही. म्हणजे पूर्ण वेळ हवा अडते ती सीटपाशीच, पोर्टच्या तोंडाशी नाही. आणि लोक घासतात कुठं? तोंडाशी, कारण तिथं बोट जातं आणि फोटो निघतो.

सीटच्या खाली लगेच जो वाडगा आहे, तिथली काकांनी सांगितलेली पायरी मोडा, गाईडचं बोंड जरा निमुळतं करा, आणि वळणाची आतली छोटी बाजू आहे ना, तिथं धार असेल तर गोल करा. ती बाजू खाली खरवडू नका. सगळ्यात जास्त हेड तिथंच बिघडतात.

आरएक्स_राजा:
एवढं सगळं हेडमधी असतंय होय. आम्हाला वाटलं ब्लॉक काढायचा, फाईल मारायची, बसवायचा.

बोलेरो_बैलहोंगल:
मंडळी मधी बोलतो, माझ्या डिझेल बोलेरोचं पण हेड उतरवायचंय. तिला पण हेच करू का?

प्रा_थर्मो:
अजिबात नको. डायरेक्ट इंजेक्शन डिझेलचा इनटेक पोर्ट मुद्दाम गोल फिरवलेला असतो, हवा सिलिंडरमध्ये भोवरा घेत शिरावी म्हणून. त्या भोवऱ्यावर डिझेल मिसळणं अवलंबून आहे. पोर्ट "सरळ, मोकळा" केलात तर हवा जास्त जाईल, भोवरा मोडेल आणि मागनं काळा धूर निघेल. वॉल्व ग्राइंडिंग, इंजेक्टर तपासणी, एवढंच करा.

बोलेरो_बैलहोंगल:
बरं झालं विचारलं. मेस्त्री ग्राइंडर घेऊन तयारच होता.

संकेश्वर_मिरची:
आरटीओचं काय? परवा कुणीतरी म्हणालं इंजिनात काय पण बदल केला तर आरसी रद्द. आणि माझी गाडी एमएच-०९, राहतो इकडं, नाक्यावर आधीच चौकशी, त्यात हे.

चोर्ला_रायडर:
मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं, आरसीवर जे नोंदलंय आणि कंपनीनं जे दिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल करायचा नाही. इंजिन बदललं, सीसी बदलली, बॉडी कापली तर सरळ सापडतो. सीटखालची पायरी मोडली म्हणून कोण हेड उघडून बघणार नाही हे खरं, पण धूर आणि आवाज मर्यादेत पाहिजेच. ९८ ची गाडी म्हणजे १५ वर्षं कधीच उलटली, दर ५ वर्षांनी पासिंग आहे, त्या दिवशी पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड जास्त आला तर परत फेऱ्या. एमएच असो की केए, धूर दोन्हीकडं काळाच.

गुपचूप_वाचक:
एमएच-केए निघालं की धागा पाचशेवर जातो. सुम्म बसा, हेडवर बोला.

पुण्यात_बेळगावकर:
😂 साकु (बास) म्हणा.

निपाणीचा_झेनवाला:
मला वाटलं होतं दोन रिप्लाय येतील. सगळं वाचलं. गॅरेजवाल्याला मी आता असं सांगायच्या विचारात आहे: पोर्टचा व्यास वाढवायचा नाही, वाडग्यातली पायरी मोडायची, तीन कोनांची सीट, नवीन गाईड सील, एक्झॉस्ट चमकवायचं, इनटेकला नुसता एमरी. बरोबर ना? आणि गॅस्केट मॅचिंग म्हणतात ते करू का? फेसिंग किती घ्यायला सांगू? तो म्हणतो एक मिलिमीटर घेऊ, कॉम्प्रेशन वाढेल.

वडगावचा_वॉल्व:
एक मिलिमीटर!! थांबव त्याला.

खानापूरकरीण:
दादा, फेसिंग वाक काढायला करतात. सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (मापाच्या पातळ पत्त्या) घाला, आडवं, उभं, दोन्ही तिरक्या रेषेत. ०.०५ मिमीपर्यंत वाक असेल तर हात पण लावू नका. जास्त असेल तर वाक निघेल तेवढंच घ्या.

आता कॉम्प्रेशन. एका सिलिंडरचं घनफळ २४८ सीसी. पिस्टनच्या वर समजा ३१ सीसी जागा उरते, तर गुणोत्तर ९ येतं. हेड अर्धा मिमी घासलं की फार तर २ सीसी जागा कमी होते (चेंबर बोअरपेक्षा लहान असतो, म्हणून खरं तर थोडं कमीच), म्हणजे साडेनऊ. अख्खा मिलिमीटर म्हणजे दहाच्या वर. साध्या पेट्रोलवर आणि जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या ठिणगीच्या टायमिंगवर घाटात खडखड आवाज येणार, आणि तोच नॉकिंगचा आवाज नव्या गॅस्केटचा पण जीव घेणार. शिवाय हेड खाली आलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो, बेल्टमुळं कॅमचं टायमिंग थोडं मागं पडतं.

त्यापेक्षा चारी चेंबर मापून घ्या. हेड उलटं ठेवायचं, वॉल्व आणि प्लग लावून, कडेला थोडं ग्रीस, वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची चकती, आणि कॉलेजच्या लॅबमधली ब्युरेट. रंग घातलेलं रॉकेल सोडायचं आणि किती सीसी बसलं ते लिहायचं. एखादा चेंबर इतरांपेक्षा लहान निघाला तर त्याच्यातली धार जरा मोडून बरोबरीला आणायचा. चारी सिलिंडर सारखं काम करायला लागले की गाडी आयडलला थरथरत नाही. हे काम कुठल्याच गॅरेजच्या जाहिरातीत नसतं, कारण दिसत नाही.

फेटलिंग_काका:
पोरीनं मुद्द्याचं सांगितलं. ब्युरेट नसेल तर औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज चालते.

टिळकवाडी_तिसरं_गेट:
गॅस्केट मॅचिंगचं मी सांगतो, तेवढं तरी माझ्या बारा हजारातनं शिकलोय. मॅनिफोल्डचं गॅस्केट हेडवर ठेवायचं, मार्किंगचा निळा लावून सुईनं रेघ मारायची, तेच मॅनिफोल्डवर. बहुतेक वेळा मॅनिफोल्डचं भोक आणि हेडचं भोक जुळतच नाही, एका बाजूला कडा पुढं आलेली असते. इनटेकला ती कडा वाटेत येते, ती दोन्ही बाजूंनी सेंटिमीटरभर आत मिसळून टाकायची. पण रेघेपर्यंत सगळं उकरायचं नाही, गॅस्केटचं भोक मुद्दाम मोठं कापलेलं असतं.

वडगावचा_वॉल्व:
बरोबर. आणि एक्झॉस्टला मॅनिफोल्डचं भोक हेडपेक्षा थोडं मोठं असेल तर असू दे, जाणाऱ्या हवेला अडत नाही आणि परत येणाऱ्या लाटेला ती पायरी अडवते. उलटं असेल, म्हणजे मॅनिफोल्ड लहान, तरच घासा.

चिक्कोडी_डीआयवाय:
माझ्याकडं डाय ग्राइंडर आहे. हे मी घरी करू शकतो का? भंगारातलं एक ८०० चं हेड मिळालंय सरावाला.

वडगावचा_वॉल्व:
सरावाला भंगार हेड, ही अक्कल बऱ्याच गॅरेजला नाही. ॲल्युमिनियमला मोठ्या दातांचा एकेरी कटाचा कार्बाइड बर (फिरतं कटर) घे, लोखंडाचा बारीक दातांचा घेतलास तर मिनिटात भरून जातो. मध्ये मध्ये रॉकेलमध्ये बुडव किंवा मेणबत्ती घास. सीटवर बर चुकून लागू नये म्हणून जुने वॉल्व बसवून ठेव, वाडग्यात काम करताना तेवढे काढ. स्पीड कमी, हात सतत हलता. डोळ्याला चष्मा, तोंडाला मास्क, हे सांगायला लागू नये पण सांगतो. आणि ते सरावाचं हेड संपवल्यावर करवतीनं उभं कापून बघ, कुठं भिंत किती उरली होती ते दिसेल. तिथं खरं शिक्षण आहे.

शेवटी धुणं. गरम पाणी, साबण, बाटली धुवायचा ब्रश, ऑइलच्या प्रत्येक भोकातनं हवा मार. ॲल्युमिनियमचा एक कण कॅमच्या बेअरिंगला गेला की संपलं. वॉल्व लॅप केल्यावर (पेस्ट लावून सीटवर घासून बसवल्यावर) ती पेस्ट पण पूर्ण निघाली पाहिजे. जोडल्यावर पोर्टात रॉकेल भरून हेड तसंच ठेव, वॉल्वच्या कडेनं पाझरलं नाही म्हणजे सीट बसली.

संकेश्वर_मिरची:
आणि पेट्रोलचं पण बघा राव. आता पंपावर सगळीकडं २० टक्के इथेनॉल. ऊस आपल्याच शेतातला, कारखाना आपल्याच तालुक्यातला, आणि कार्ब पण आपलाच खराब होतोय. जुन्या झेनच्या पाईपा, डायफ्रॅम मऊ पडतात.

प्रा_थर्मो:
हा विषयांतराचा मुद्दा वाटेल पण नाही. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉलवाल्याला साडेतेराच्या आसपास. कार्बला हे कळत नाही, तो जुन्याच मापानं पेट्रोल सोडतो, म्हणजे मिश्रण आधीच पातळ. त्यात हेडमधून हवा थोडी जास्त जायला लागली तर अजून पातळ. पातळ मिश्रण घाटात तापतं. झेनवाले, तुमचं गॅस्केट तवंदीत का गेलं याचं एक उत्तर इथं पण असू शकतं. आधी रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पंखा तपासाच. मग हेड बसवल्यावर मुख्य जेट (कार्बमधला पेट्रोल सोडणारा तुकडा) एक नंबर मोठा लावून बघा आणि घाट चढून लगेच इंजिन बंद करून प्लग काढा. पांढरा असेल तर पातळ, काळा काजळीचा असेल तर जास्त, बिस्किटाच्या रंगाचा असेल तर जमलं.

निपाणीचा_झेनवाला:
पंखा! सर, पंख्याचा स्विच उशिरा लागतोय अशी मला आधीपासनं शंका होती, गॅरेजवाला "होतंय ओ तसं" म्हणत होता. आता तेच आधी. गॅरेजवाल्याला यादी दाखवली, म्हणाला सीट कटिंगचं मशीन त्याच्याकडं नाही, तो हातानं लॅपच करणार होता. म्हणजे बारा हजार नुसत्या आरशाचे. हेड उचलून बेळगावला आणतोय, उद्यमबागेत सीट कटिंग आणि प्रेशर टेस्ट दोन्ही एका छताखाली होईल असं ठिकाण कुणी सांगू शकेल का? व्यक्तिगत निरोपात कळवा.

फेटलिंग_काका:
कळवतो. आणि हेड आणताना वॉल्व चार पिशव्यांत नंबर टाकून आणा, नाहीतर पोरं सगळे एका डब्यात टाकतात.

आरएक्स_राजा:
काका, आरएक्सचं बोअरिंग पण तिथं करतात का?

वडगावचा_वॉल्व:
त्याच्यासाठी वेगळा धागा काढ मर्दा.